जेटीवरचं ओलं व्हार्निश

वहिनी गेल्याचं मला भोंग्याने फोनवर सांगितलं. भोंगा म्हणजे आमच्या फेरीबोटीचा जुना चालक. आवाजामुळेच त्याला हे नाव पडलं होतं. पण त्या दिवशी तो इतक्या हळू बोलला की मला पुन्हा विचारावं लागलं. बहिणीकडे होत्या, दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी फोन ठेवला. सूनबाईने विचारलं, "बाबा, कोण होत्या त्या?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मला सांगण्यासारखं काहीच माहीत नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

इतकी वर्षं मी फेरीच्या तिकीटखिडकीत बसलो आणि समोरच्या लाकडी जेटीवर त्या गुडघे टेकून काम करत राहिल्या. पाण्याच्या काठी उभा जन्म गेला, पण त्यांना पोहता येत होतं की नाही, हे मला ठाऊक नाही. माहेर कसं होतं, शाळा किती झाली, मूलबाळ नव्हतं त्याचं मनाला लागत होतं का, यातलं मी कधी काही विचारलं नाही. मी मुळात विचारणाऱ्यांतला नव्हे. खिडकीच्या चौकटीतून दिसतं तेवढंच माझं त्यांच्याविषयीचं ज्ञान. तरी भोंगा म्हणतो, "तूच लिही, तू समोर बसून सगळं पाहिलंस." फेरीची जुनी माणसं मिळून आठवणींचं एक छोटं पुस्तक काढणार आहेत. मला लिहिण्याची सवय नाही. खरं तर धड आठवते ती एकच सकाळ.

ती सकाळ कळायला आधीचं थोडं सांगावं लागेल.

आमची जेटी म्हणजे पाण्यात खांब रोवून, त्यांवर तुळया टाकून, वर आडव्या फळ्या बसवलेला लांबट ओटा. काठापासून निघून खोल पाण्यापर्यंत जायची. टोकाला बोट लागायची. कारखाना, शाळा आणि दवाखाना पलीकडच्या काठावर, त्यामुळे सकाळी टोकाशी माणसांची ही दाटी. जेटीच्या तोंडाशी एका बाजूला माझी खिडकी आणि दुसऱ्या बाजूला जेटीची देखभाल करणाऱ्याची खोली. त्या खोलीत मिस्त्री आणि वहिनी राहत. मिस्त्री माझे मित्र, म्हणून त्या वहिनी आणि मी त्यांचा भावजी. मित्र म्हणजे काय, संध्याकाळी दोघं बाकावर बसायचो आणि दोघंही बोलायचो नाही.

मिस्त्री आजारपणात गेले. कंपनी नवा माणूस शोधू लागली तेव्हा वहिनी सरळ व्यवस्थापकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माणूस कशाला शोधताय? मी काय शोभेची बाहुली आहे?" व्यवस्थापक हसले आणि हो म्हणाले. काम आहे तोवर खोली, हे त्यात धरलेलंच होतं.

पाऊस संपून लाकूड वाळलं की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. अर्धी जेटी दोरी लावून बंद, अर्धी चालू. आधी सोड्याच्या पाण्याने आणि ताठ ब्रशने घासायचं, हिरवं शेवाळ खरवडायचं, मग उन्हात वाळू द्यायचं. वाळलं का हे बघायला त्या फळीवर पाण्याचे थेंब टाकायच्या. थेंब आत मुरला की म्हणायच्या, "तहानलंय बिचारं. आता पिईल तेवढं पाजू." मग पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषेरेषेने, आडवा हात कधीच नाही. मग जवसाचं तेल. तेलकट चिंध्या त्या कधी बोळा करून टाकत नसत, बोळा आपोआप पेट घेतो म्हणून. कुंपणावर एकेक पसरून ठेवायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणा गरिबाघरचं धुणं वाळतंय.

अंगात मिस्त्रींचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुसऱ्या घरी पळ्या-डाव टांगतात तसे खोलीच्या भिंतीवर ब्रश टांगलेले. आणि जीभ? जेटीवरून कुणी पेटी ओढत नेली की खोलीतून आवाज यायचा, "उचला ती! सासरची फरशी आहे का ओढायला?" माणसं मुकाट्याने उचलायची. मला त्यांचा धाक वाटे आणि करमणूकही.

मग एक दिवस एक म्हातारी पडली. मिस्त्रींनी जेटी बांधताना फळ्याफळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवलेली होती. म्हातारीच्या काठीचं टोक त्या फटीत रुतलं, ती कलंडली आणि कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्याची माणसं येईपर्यंत तिचं डोकं वहिनींच्या मांडीवर होतं. म्हातारी कण्हत होती आणि वहिनी वाकून त्या फटीकडे बघत होत्या.

"आळशी माणूस," दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुमचे मित्र. आणखी कोण? फळ्या कमी पडल्या असतील, म्हणून ठेवल्या असतील लांब लांब. घरात अशी फरशी कुणी ठेवेल का हो भावजी? सगळा कचरा आत, माणसाचा पाय आत!"

मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही. मलाही ते पटलं.

त्या वर्षी त्यांनी भुसा आणि राळ कालवून लांबी तयार केली आणि फट अन् फट भरून काढली. जवसाचं तेल सोडून बोटींना लावतात ते जाड व्हार्निश आणलं. वरून हात मारले ते मारलेच, पण पाणी ओसरल्यावर एका लहानशा होडीत उताण्या पडून जेटीची खालची बाजूही चोपडली. होडी भोंगा धरून होता. तो ओरडून विचारत होता, "अहो वहिनी, खालून कोण बघणार आहे?"

खालून उत्तर आलं, "मासे! त्यांना डोळे नाहीत का?"

बाहेर आल्या तेव्हा केसांत, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर व्हार्निश. पण चेहरा असा खुललेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

त्यानंतर दरवर्षी हेच. थरावर थर. जेटी आरशासारखी झाली. पावसाळ्यात पाणी वर साचायचं, तर त्या खराट्याने लोटून काढायच्या. लोक जेटीला वहिनींची बैठकीची खोली म्हणू लागले. कारखान्याची पोरं मुद्दाम थांबून विचारायची, "वहिनी, चपला काढून येऊ का?"

"काढा, आणि हातात घेऊन पळा. बोट सुटली बघा!"

पुन्हा कुणी पडलं नाही. ती म्हातारीसुद्धा बरी होऊन नवी काठी टेकत आली आणि जेटीवरून आरामात चालत गेली. वहिनी दारात उभ्या राहून तिच्या काठीचं टोक बघत होत्या. ते कुठेही अडकलं नाही.

काही वर्षांनी कंपनीच्या डोक्यात तरंगती जेटी आली. प्लास्टिकचे मोठे डबे एकमेकांत अडकवायचे, झालं. ना घासणं, ना तेल, ना माणूस. माणूस नाही म्हणजे खोलीही नाही, हे सांगायची गरज नव्हती. पण आधी पाहणी व्हायची होती. लाकडी जेटी धडधाकट आहे असं ठरलं तर ती राहील, आणि वहिनीही राहतील. वहिनी एकदाच म्हणाल्या, "या खोलीतून निघायचं तर मी आडवीच निघेन, भावजी." आणि कामाला लागल्या. त्या वर्षी त्यांनी जेटीवर जेवढं रक्त आटवलं तेवढं कुणी लेकराच्या लग्नातही आटवत नसेल.

पाहणीला साहेब आले. चालताना खाली बघून त्यांनी स्वतःचे केस नीट केले, इतकी जेटी चकाकत होती. टाच आपटून बघितली. टणक आवाज आला. "यावर ताट न घेता जेवायला बसावं," असं म्हणून ते हसले, व्यवस्थापक हसले, आम्ही सगळे हसलो. जेटी राहणार! भोंग्याने बोटीचा भोंगा वाजवला आणि वहिनी घरचं कार्य असावं तशा सगळ्यांना चहा वाटत सुटल्या. मी त्या साहेबांना नावं ठेवणार नाही. त्यांना दिसलं तेच मलाही दिसत होतं.

आता त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

गर्दीची वेळ होती. कारखान्याची माणसं, शाळेची मुलं, दवाखान्यात निघालेली चार म्हातारी माणसं, सगळी जेटीच्या टोकाला बोटीची वाट बघत उभी. भोंग्याची बोट पलीकडून निघालेली दिसत होती. कुणाच्या तरी पिशवीचा बंद जेटीच्या मध्यावर एका वर आलेल्या स्क्रूत अडकला. त्याने हाक मारली आणि वहिनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेल्या. मी तिकिटं देता देता बघत होतो. स्क्रू बसवणं म्हणजे त्यांना बटण लावण्याइतकं सोपं. पण त्या फिरवत राहिल्या, फिरवत राहिल्या. मग त्यांनी तो स्क्रू सरळ चिमटीत धरून उचलला, काडी उचलावी तसा. डोळ्यांजवळ नेला. हुंगला.

मग स्क्रू ड्रायव्हर फळीवर टेकवला. मला वाटलं त्या त्यावर भार देऊन उठताहेत. पण त्या उठल्या नाहीत आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत दिसेनासा झाला. त्या गुडघ्यांवरच पुढच्या फळीकडे सरकल्या. पुन्हा तेच. पुढची फळी. पुढची. मला वाटलं, त्यांचं काही हरवलंय आणि त्या ते शोधताहेत. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. असा चेहरा मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. ओठ पांढरे, आणि डोळे टोकाशी उभ्या असलेल्या त्या सगळ्या माणसांवर.

काय झालंय ते मला कळलंच नव्हतं, पण काहीतरी भयंकर आहे एवढं कळलं.

आणि मग वहिनी उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवले आणि रोजच्या कडक आवाजात म्हणाल्या, "ए बाबांनो! टोकाला नवा हात मारलाय, व्हार्निश ओलं आहे! कुणी उभं राहायला सांगितलं तिथे? माझं सगळं काम नासवलंत!"

सगळे खाली बघू लागले. कुणी पाय उचलला, कुणी चपलेचा तळ तपासला.

"धावायचं नाही! धावलात तर ठसे उमटतील. चपला हातात घ्या आणि एकेक जण या मागे, हळू. कडेकडेने या, तुळईवरून. मुलांनो, उड्या मारल्यात तर माझ्याशी गाठ आहे!"

आणि माणसं आली! हसत, कुरकुरत, चपला हातात घेऊन, चोरपावलांनी. एक बाई म्हणाली, "वहिनी, चिकटत तर नाहीये काही."

"तुला काय कळतंय त्यातलं? चाल पुढे."

शेवटचा माणूस काठावर येईपर्यंत त्या मध्यावरच उभ्या होत्या, हातवारे करून एकेकाला वाट दाखवत. मग स्वतः आल्या, साखळी लावली आणि माझ्या खिडकीशी येऊन चौकटीला धरलं. आवाज आता अगदी खोल गेला होता.

"भावजी, तिकिटं बंद करा. जेटी मेली."

"म्हणजे?"

"आतून लगदा झालाय. सगळा." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर तो स्क्रू होता, आणि त्याच्या आट्यांत उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखं काहीतरी काळं, ओलं.

मी खिडकीची झडप ओढली.

बोट जवळ आली तसा भोंगा ओरडला, "काय वहिनी, सगळ्यांना अनवाणी उभं केलंत! शिक्षा का?" वहिनींनी दोन्ही हात हलवून त्याला वरच्या अंगाच्या दगडी पायऱ्यांकडे वळायला सांगितलं. त्याला वाटलं गंमत आहे. मग त्याने त्यांचा चेहरा पाहिला असावा, कारण बोट वळली.

एवढ्यात व्यवस्थापक धावत आले. "काय चाललंय? काल पास झाली जेटी! साहेब वाखाणून गेले!" वहिनींनी त्यांना स्क्रू दाखवला. व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला घेतलं, म्हणजे माझ्या खिडकीखालीच, म्हणून मला ऐकू आलं. "हे बघा, चार-दोन फळ्या असतील. गुपचूप बदलून घेऊ. उगाच बोभाटा कशाला? तुमची खोली जाईल, कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

"मग खोलीचं मागाहून बघू. आत्ता कुणी त्यावर जायचं नाही."

"तुमचं डोकं फिरलंय," असं म्हणून व्यवस्थापकांनी साखळीचा आकडा काढला आणि लोकांना हात केला, "चला, काही झालेलं नाही, बोट परत बोलावतो!" दोन-चार जण पुढे सरकलेसुद्धा.

वहिनी खोलीत गेल्या आणि मिस्त्रींची पहार घेऊन आल्या. व्यवस्थापकांना खांद्याने बाजूला सारलं, तुळईवर पाय ठेवत ठेवत टोकाच्या जरा अलीकडे गेल्या, आणि कालपर्यंत ज्या फळीवर पेटी ओढू द्यायच्या नाहीत तिच्यावर दोन्ही हातांनी पहार हाणली.

आवाज झाला नाही. मला तेच विसरता येत नाही. लाकूड मोडल्याचा कडकड आवाज यायला हवा होता. वरचा चकचकीत पापुद्रा तेवढा टचकन फुटला आणि पहार भिजलेल्या पावात जावी तशी आत गेली. त्यांनी ती पिळली. फळी दुमडली आणि तुकडे खाली पडले. भोकातून खालचं पाणी दिसलं, हिरवं, खोल. त्या शेजारच्या फळीकडे वळल्या. तीही तशीच गेली. मग तिसरी.

काठावर एक माणूस मुलीचा हात धरून उभा होता. ती दोघं मघाशी बरोबर तिथेच उभी होती. त्याने मुलीला उचलून पोटाशी धरलं. व्यवस्थापकांनी साखळीचा आकडा आपल्याच हाताने परत अडकवला.

नंतर जेटी उखडली तेव्हा कळलं, तुळयांचीही डोकी कुजली होती. वर व्हार्निश, खाली व्हार्निश, फटीत लांबी. कुठल्यातरी बारीक चिरेतून शिरलेलं पाणी आतच कोंडून राहिलं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत लाकूड खात बसलं. टाच आपटल्यावर वाजत होता तो नुसता थरांचा पापुद्रा. साहेब पुन्हा आले होते. त्यांनी त्या भोकात वाकून बघितलं आणि ते परत गेले.

उखडायच्या कामाला कंपनीने माणसं लावली, पण वहिनी त्यांच्याबरोबर रोज उभ्या. आपलंच काम आपल्या हाताने काढत होत्या. कुणी काही म्हणालं तर ऐकलं न ऐकलंसं करायच्या. त्यांच्या तोंडाचा तो पट्टा बंद झालेला मला सहन होत नव्हता. एका दुपारी त्या माझ्या खिडकीखालच्या पायरीवर बसल्या. हातात फळीचा एक तुकडा होता, वरून तसाच लखलखीत.

"भावजी, ते आळशी नव्हते हो," त्या म्हणाल्या. "फट होती ती पाणी जायला होती. वारा लागायला होती. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. मी विचारलंच नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. तुम्हा दोघांना तोंडं कशाला दिली होती देवाने?"

मी हसलो. काय करणार? मग बघतो तर त्याही हसत होत्या, डोळे पुसत.

"इतकं जपलं," त्या म्हणाल्या, "इतकं जपलं की जीव घेतला मी तिचा. आणि त्या पोरांचाही घेतला असता." तुकडा तिथेच ठेवून त्या कामाला गेल्या.

तरंगती जेटी आली. खोलीला कुलूप लागलं. कुणीतरी म्हणालं, कंपनीने त्यांना राहू द्यायला हवं होतं, त्यांच्यामुळे एवढी माणसं वाचली. कुणीतरी म्हणालं, त्यांच्यामुळेच तर बुडणार होती. दोन्ही खरंच होतं, आणि वहिनींनी कशावरही वाद घातला नाही. त्यांच्या बहिणीने बोलावून घेतलं. निघाल्या तेव्हा माझी जेवणाची सुट्टी होती, म्हणून मी बसथांब्यापर्यंत पिशवी घेऊन गेलो. पिशवी हलकी होती. ऊन चढलं होतं. मला वाटत होतं, काहीतरी बोलायला हवं, त्या सकाळबद्दल. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती चोरपावलांनी येणारी रांगच होती. पण बस वळणावर दिसली.

"ही गिरणीवरून जाते ना?" वहिनींनी विचारलं.

"हो. गिरणीपुढे दोन थांबे, मग तुमच्या बहिणीचा."

"उभं राहावं लागेल का हो?"

"नाही. या वेळेला जागा असते."

"बरं," त्या म्हणाल्या. "द्या पिशवी. तुम्ही जा, जेवून घ्या."